गुडघ्यापुढचा समुद्र

उस्मानपुरा, सात महिने आधी

आमच्या गल्लीत लग्नाची तारीख असो नाहीतर डोळ्याच्या ऑपरेशनची, आधी नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार ते बघतात. पाणी यायच्या दिवशी घरात माणूस हवं, हौद भरला पाहिजे, मोटर लावून ते वरच्या टाकीत चढवलं पाहिजे. आम्ही घरात दोघंच. त्यामुळे ग्रीसला जायचं ठरलं तेव्हा पहिलं काम झालं ते शेजारच्या वंदनाकडून किल्ली ठेवून घ्यायचं कबूल करून घेण्याचं. कोणता कॉक आधी फिरवायचा आणि मोटर किती वेळ चालवायची याची चिठ्ठी तिच्या फ्रिजवर चिकटवली, आणि मगच मी टेबलावर नकाशा पसरला.

ग्रीसच का, असं मला सगळ्यांनी विचारलं. धाकटे दीर दरवर्षी टूरबरोबर कुठे ना कुठे जाऊन येतात. वहिनी, आमच्याबरोबर दुबईला चला, तिथे तीन वेळचं जेवण आपलंच असतं, असं ते आग्रहानं सांगत होते. मी म्हटलं, मला पोहायला जायचंय. त्यांना ती थट्टा वाटली. ते हसले, मग माझ्याकडे बघून थांबले.

थट्टा नव्हती. मी एकसष्ट वर्षांची आहे. फुलंब्रीजवळच्या एका गावात वाढले. आमच्या मळ्यातल्या विहिरीत माझे दोन्ही भाऊ पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले. मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. मला का नाही, असं एकदा आईला विचारलं, तर मुलींनी उतरायचं नसतं एवढंच ती म्हणाली. पुढे शिक्षण, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, लग्न, मुलगा. आमच्याकडे बायकांचा पाण्याशी संबंध येतो तो ते भरण्यापुरता. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी पोहण्याच्या तलावावर जाऊन बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं.

पोशाख घ्यायला गुलमंडीच्या बाजारात गेले. दुकानदारानं गुलाबी, झालरवाले चार नमुने माझ्यासमोर टाकले आणि विचारलं, "कित्ते साल की है बच्ची?" मी म्हटलं, "साठ." त्यानं गुलाबी सगळे आवरले, आणि मुकाट्यानं गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा काळा पोशाख काढून दिला. निघताना म्हणाला, "आंटी, हमारी अम्मी को भी लेके जाओ."

तलावावर शिकवणारी सायली नावाची मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान. पहिला महिनाभर मी काठाचा दांडा धरूनच होते. तिनं माझ्यापुढे हात टेकले नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. सात-आठ महिन्यांत मी पंचवीस मीटरची एक लांबी न थांबता पार करायला लागले, आणि त्या दिवशी घरी येऊन जाहीर केलं की आता समुद्र.

कोकणात आम्ही दोनदा गेलोय. तिथला समुद्र पायाखालची वाळू ओढून नेतो आणि प्रभाकरराव माझं मनगट सोडत नाहीत. मी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. भूमध्य सागरी प्रदेश, कोरडे उन्हाळे, हिवाळ्यात पाऊस, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबू, हे मी झोपेतही सांगेन. हा समुद्र चारही बाजूंनी जमिनीत कोंडलेला, महासागराकडे जायला एक चिंचोळी सामुद्रधुनी. म्हणून त्याला भरती-ओहोटी नावापुरती. हा समुद्र माणसाला ओढत नाही. पुस्तकातलं हे वाक्य मी इतकी वर्षं मुलांना घोकायला लावलं, ते आता माझ्याच कामाला आलं.

प्रभाकररावांविषयी सांगायला हवं. माझा नवरा. वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये तयार भाग, त्यांच्या भाषेत जॉब, मोजून पास करायला होते. जे मोजता येतं तेच खरं, अशी त्यांची श्रद्धा. भाजीत मीठ कमी पडलं तरी किती कमी ते सांगतात. त्यांना पोहता येत नाही, आणि पाण्याची त्यांना भीती आहे हे ते कबूल करत नाहीत. चार दिवस विचार करून ते म्हणाले, "जाऊ. पण कमरंच्या वर पाण्यात जायचं नाय." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तिकिटं काढली.

बेत आखायला तीन महिने लागले आणि त्यातली एकही संध्याकाळ मला जड गेली नाही. ऑगस्टपर्यंत तिथे उत्तरेचा वारा सुटतो, म्हणून सप्टेंबर. दक्षिणेकडे तोंड असलेला छोटा उपसागर हवा, म्हणजे लाटा डोंगराआड राहतात. गोटे नकोत, वाळू हवी. खोलीपासून चालत जाता यावं, कारण गुडघे माझे आहेत. पुण्याहून मुलगा फोनवर विचारायचा, आई, हॉटेलचे रिव्ह्यू वाचतेस ना? मी रिव्ह्यू वाचत नव्हते. मी घरमालकांना एकच प्रश्न पाठवत होते, तुमच्या किनाऱ्यावर पाणी किती खोल आहे. बहुतेकांनी बाल्कनीतून समुद्र दिसतो असं कळवलं. एकीनं मात्र लिहिलं: तीस पावलं कमरेपर्यंत, पुढे वीस पावलं गळ्यापर्यंत, मग पाय टेकत नाहीत. त्याच्यापुढे पोहत गेलं की खडक. मी रोज जाते, वय चौऱ्याहत्तर. त्याच मिनिटाला मी खोली घेतली.

व्हिसाच्या पत्रात प्रवासाचा हेतू लिहायचा असतो. मी लिहिलं, समुद्रात पोहणे. मुलानं ते खोडून पर्यटन केलं. मी पुन्हा समुद्रात पोहणे केलं. शेवटी दोन्ही ठेवलं आणि मुंबईला जाऊन दहा बोटांचे ठसे देऊन आलो. व्हिसा आला तेव्हा मी पत्राची ती प्रत दिरांना मुद्दाम दाखवली.

बॅगेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर मसाल्याची पुडी, आणि या सगळ्याच्या मधोमध तो काळा पोशाख.

बेटावर, पहिला दिवस

विमानं आणि बोट यांचं वर्णन करत नाही. दीड दिवस बसून काढला, एवढंच. बेटाचं नावही सांगणार नाही, नाहीतर पुढच्या सप्टेंबरात आमची अख्खी गल्ली तिथे दिसेल.

धक्क्यावरून जीप वर चढायला लागली तसा प्रभाकररावांचा चेहरा उतरत गेला. तपकिरी डोंगर, दगडांचे गडगे, वाळलेलं काटेरी गवत, त्यात शेळ्या. "एवढ्या लांब येऊन गल्लेबोरगावच बघायचं व्हतं व्हय?" ते म्हणाले. सहा महिने पाऊस नाही म्हटल्यावर सप्टेंबरात जमीन कशी दिसणार, हे शिकवणाऱ्या बाईंच्याही लक्षात आलं नव्हतं. मग वळण आलं आणि खाली तो दिसला. पुस्तकात त्याला निळा म्हणतात. मी आजवर जे जे निळं पाहिलंय त्यात हा रंग नव्हता. ड्रायव्हरनं जीप थांबवली नाही. मी मात्र मान वळवून, कंबर दुखेपर्यंत बघत राहिले.

घरमालकीण दारातच उभी होती. कलिओपी. ठेंगणी, सावळी, काळा झगा, कानात सोन्याच्या रिंगा. तरुणपणी ऑस्ट्रेलियात पंचवीस वर्षं कारखान्यात काम करून परत आलेली, त्यामुळे इंग्रजी फाडफाड. प्रभाकररावांना कारखाना हा शब्द पुरेसा असतो. कोणतं मशीन, किती टनांचा प्रेस, असं दोघांचं सुरू झालं आणि मी बॅग ओढत आत गेले.

आत स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी असं जोरात आलं की मी एक क्षण थबकले. आणि मग काय झालं ते नीट आठवतही नाही, कारण हात आपोआप चालत होते. चार पातेली होती, घासून फडकं लावून भरली. पाण्याचा जग भरला. सॅलडचं मोठं वाडगं, बर्फाची बादली, दोन फुलदाण्या भरल्या. प्रभाकरराव आत आले, थेट न्हाणीघरात गेले, टब खसखसून धुतला आणि काठोकाठ भरून टाकला. पातेल्यांवर फडकी बांधून झाल्यावर आम्हाला बरं वाटलं. नळ येतोय आणि भांडं रिकामं आहे, हे आमच्याच्यानं बघवत नाही.

रात्रीचं जेवण तिथे नऊ-साडेनऊशिवाय मिळत नाही. आम्ही साडेसातला धपाटे खाऊन झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी आठला मी किनाऱ्यावर होते. अर्धचंद्रासारखी वाळू, पाणी काचेसारखं स्थिर, आणि समोर तो खडक. पत्रातल्या वर्णनावरून मला तो मोठा वाटला होता. प्रत्यक्षात बैठ्या म्हशीएवढा, आणि फार लांब. लोक उन्हात पडले होते, अंगावर असून नसल्यासारखे कपडे. माझ्या पूर्ण बाह्यांच्या पोशाखाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

मी पाण्यात शिरले. घोटा, पोटरी, गुडघा. आणि तिथेच थांबले. तलावात तळाला काळी रेघ असते, बाजूला काठ असतो, चार हातांवर सायली असते. इथे हात लांब केला तर धरायला काहीच नव्हतं. पुढचं पाणी बघितलं. पाय उचलेना. दहा मिनिटं मी तशीच उभी होते. ओढ नाही, लाट नाही, पुस्तकात होतं तसंच सगळं होतं, फक्त मी पुस्तकातली नव्हते. मागे फिरले.

प्रभाकरराव टॉवेल घेऊन उभे होते. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट दिसत होतं. समुद्र बघितला, पाय भिजवले, झालं की, असं त्यांनी समजुतीच्या सुरात म्हटलं. मला त्यांचा इतका राग आला की टॉवेल हिसकावून मी पुढे चालायला लागले. राग खरंतर माझा माझ्यावरच होता. एवढे नकाशे, एवढी पत्रं, एवढा बोभाटा, आणि गुडघ्याएवढं पाणी.

खोलीवर आलो तर कलिओपी स्वयंपाकघरात. अंजिरं ठेवायला आली होती आणि फडकी बांधलेल्या पातेल्यांकडे बघत होती. मग न्हाणीघरात डोकावली. तिचा आवाज चढला. हे बेट कोरडं आहे, इथे पाणी कोण असं भरून ठेवतं, तुम्ही दोघं आहात की वीस जण आहात, असं बरंच काही तिनं ऐकवलं. मी शाळकरी पोरीसारखी खाली मान घालून उभी. मग सांगितलं तिला, आमच्या शहरात पाणी दिवसाआड नाही, त्याच्याही आडून येतं. आलं की भरायचं, ही हाडात भिनलेली सवय आहे. ती जरा मवाळ झाली, पण म्हणाली, टबातलं पाणी निदान माझ्या लिंबाच्या झाडांना घाला. ती गेल्यावर मी बादली उचलली. प्रभाकररावांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "आलेलं पाणी सांडायचं नाय. बघू संध्याकाळी."

दुपारी तीनला नळानं एक उसासा टाकला आणि बंद पडला. गावाकडे येणारी मोठी पाइपलाइन डोंगरात कुठेतरी फुटली होती. लागणारा भाग दुसऱ्या बेटावरून बोटीनं यायचा होता. दोन दिवस तरी पाणी नाही, असं खालच्या बेकरीवाल्यानं सांगितलं. प्रभाकररावांनी ते ऐकून नुसता चष्मा पुसला. त्या घटकेला त्यांच्यासारखा समाधानी माणूस त्या बेटावर दुसरा नसेल.

पाच वाजता दारावर थाप. कलिओपी. सकाळचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. टेकडीवर तिच्या आजोबांनी बांधलेलं एक छोटं पांढरं देऊळ आहे. आम्ही देऊळच म्हणू, आहे ते चर्चच. त्या देवळाच्या संताचा उत्सव उद्या होता. त्या दिवशी येईल त्याला तिच्या घरचं जेवण, काबुली चण्यांची आमटी, असा साठ वर्षांचा रिवाज. चणे संध्याकाळी भिजत घालायचे आणि रात्री मातीच्या भांड्यांतून लाकडाच्या भट्टीत ठेवायचे. तिच्याकडे पिण्याच्या बाटल्या होत्या, पण पन्नास माणसांच्या चण्यांना आणि भांडी घासायला त्या कुठे पुरणार? नवरा गेल्यापासून हा रिवाज ती एकटीच्या हिमतीवर चालवत होती. बोलताना तिचे डोळे भरले. मग हळूच तिनं विचारलं, "ते पाणी झाडांना घातलंत का?"

प्रभाकररावांनी न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं, एखाद्या साहेबाला नवं मशीन दाखवावं तसं.

तिसरा दिवस

फडकी बांधलेल्या पातेल्यांतल्या पाण्यात चणे भिजले, शिजले. टबातल्या पाण्यानं भांडी निघाली. दुपारी टेकडीवर पन्नासाच्या वर माणसं जेवली. त्या आमटीत कांदा, तेजपान, ऑलिव्हचं तेल, वरून लिंबू, बस. रात्रभर मंद आचेवर राहून चणे लोण्यासारखे झाले होते. मला ती फार आवडली. प्रभाकररावांच्या मते फोडणी राहिली होती. त्यांनी खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि ती टेबलावरून फिरत फिरत दाढीवाल्या धर्मगुरूंपर्यंत पोचली. त्यांनी दोनदा घेतली आणि मग बराच वेळ पाणी मागत राहिले. पाणी आमच्याचकडे होतं.

कलिओपीनं आल्या-गेल्याला आमची गोष्ट सांगितली. पाइप फुटणार हे तुम्हाला आधी कसं कळलं, असं एका म्हातारीनं तिच्याकरवी विचारलं. प्रभाकरराव म्हणाले, आम्ही रोजच फुटणार असं धरून चालतो. हे भाषांतर झाल्यावर टेबलभर हशा पिकला. आमच्या शहराचं ज्या गोष्टीसाठी नाक कापलं जातं, तिच्याचसाठी त्या टेकडीवर आमची पाठ थोपटली गेली. मला अभिमान वाटला, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसलं नाही.

निघताना कलिओपीनं मला बाजूला घेतलं. पाणी किती खोल म्हणून तू मला पत्र लिहिलंस, आणि काल गुडघ्यावरून परत आलीस, मी वरून बघितलं, असं ती म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. विहीर, भाऊ, आई, तलाव.

"मग पोहायला कोण सांगतंय?" ती शेवटी म्हणाली. "उद्या ये आणि नुसती उभी राहा. आम्ही पण उभ्याच असतो."

चौथा आणि पाचवा दिवस

हा तिथला मोठा मजेशीर रिवाज. सकाळी नऊच्या सुमारास गावातल्या पाच-सहा साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर गवताच्या टोप्या घालून पाण्यात शिरतात, गळ्याएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तास-दीड तास गप्पा मारतात. पाण्यावर नुसत्या टोप्या दिसतात. आपल्याकडे हापशावर बसतो तो बायकांचा अड्डा, फक्त हंडे नाहीत आणि घाई नाही. कुणाला वाटलं तर मधूनच खडकापर्यंत पोहून येते आणि तुटलेलं वाक्य पुढे सुरू करते.

मला एक टोपी मिळाली. कलिओपीनं एका हाताला धरलं, दुसऱ्या हाताला पाइपचं विचारणारी ती म्हातारी. मला मधे घेऊन सगळ्या हळूहळू सरकत गेल्या, बोलत बोलत. मला त्यांची भाषा कळत नव्हती, पण गुडघे आणि सुना हे विषय हातवाऱ्यांनी कळतात. मीही मराठीत चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी माना डोलावल्या. कधीतरी खाली बघितलं तर पाणी माझ्या खांद्यांवर होतं आणि दोन्ही हात मोकळे होते. कुणी कधी सोडले ते कळलंच नव्हतं.

ते कळलं होतं एकट्या प्रभाकररावांना. काठावरून ते कमरेकडे हात दाखवून खुणा करत होते. मी टोपी जरा पुढे ओढली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पाय उचलून पाठीवर तरंगले, दोन हात मारले, परत आले. त्या संध्याकाळी आमचं चांगलंच वाजलं. ठरलं होतं काय आणि तू करतेस काय, असं ते म्हणाले. मी कधी हो म्हटलं होतं, असं मी विचारलं. ते बाल्कनीत खुर्ची ओढून बसले. मग खाली बघत बोलले.

"तू आत असतीस तव्हा मी काय करायचं, सांग ना. मला येत नाय. काय झालं तर मी काय काठावर उभं राहून बघत बसू?"

छत्तीस वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचं म्हणणं खरंच होतं, त्यांच्या भीतीवर माझ्याकडे काही उपाय नव्हता. पण त्यांच्या भीतीपायी मी मागे राहिले असते तर तो राग मी जन्मभर मनात ठेवला असता, हेही खरं होतं. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

"हो, बघा," मी म्हटलं. "नुसतं भिऊन नका बघू. कारखान्यात जॉब तपासायचा तसं नीट बघा. मला येतं का नाही ते तुम्हीच सांगा."

आम्ही खाली जाऊन टोमॅटोची भजी खाल्ली. तिथेही ती करतात, बेसनाऐवजी मैद्याची, आत पुदिना. प्रभाकररावांनी तीन प्लेट संपवल्या आणि तिखट किती कमी आहे ते सांगितलं.

सहावा दिवस

सकाळी टोप्यांच्या गोलात मी पंधरा मिनिटं उभी राहिले. मग टोपी काढून कलिओपीच्या हातात दिली. खडकाच्या डाव्या अंगानं जा, उजवीकडे काटेरी शंख असतात, एवढंच ती म्हणाली.

मी पाय उचलले.

पहिले दहा-बारा हात छान गेले. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा होता, खाली वाळूवर माझी सावली दिसत होती. मग वाळू उतरत गेली, पाणी हिरव्याचं गडद निळं झालं आणि सावली गेली. खाली काहीच नाही हे दिसलं, आणि माझा श्वास चुकला. नाकातोंडात खारट पाणी गेलं. हात भलतीकडेच जायला लागले. त्या क्षणी मला वाटलं की संपलं, परत फिरावं. पण परतीचं अंतर तेवढंच होतं. मी पाठीवर झाले. सायलीनं पहिल्या महिन्यात तेवढं एकच काम माझ्याकडून शंभरदा करून घेतलं होतं. कान पाण्यात बुडाले, वर आभाळ, माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. समुद्रानं मला धरून ठेवलं होतं. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो हे मी मुलांना लिंबू आणि मिठाच्या पाण्याचा प्रयोग करून शिकवलं होतं. आता त्यातलं लिंबू मी होते, आणि मला हसू आलं. हसल्यावर श्वास जागेवर आला. मी पालथी झाले आणि पुढे निघाले.

हाताला खडक लागला तेव्हा आधी कळलंच नाही. गुळगुळीत, हिरवा, गार. डाव्या अंगाला पायरीसारखी जागा होती, तिच्यावर मी चढून बसले. मागे वळून बघितलं तर काठ आश्चर्य वाटावं इतका दूर होता, आणि पाण्यात सहा टोप्या हवेत हलत होत्या. मी रडले. कुणाला दिसण्यासारखं नव्हतं, सगळं तोंड आधीच ओलं होतं. एकसष्टाव्या वर्षी, माझ्या मनानं, माझ्या नकाशावर, माझ्या हातापायांनी मी तिथे पोचले होते. असा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मग टोप्यांच्या पलीकडे, काठाच्या बाजूला, मला आणखी एक आकृती दिसली. पॅन्ट-शर्टातला एक माणूस छातीपर्यंत पाण्यात उभा होता, दोन्ही हात वर धरून, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात चष्म्याचं घर. एका बाजूनं कलिओपीनं त्याचा दंड धरला होता. प्रभाकरराव.

परत येताना मी घाई केली नाही. पाय टेकले तेव्हा ते समोर होते. मिशीवरून पाणी गळत होतं, ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं आता म्हणतील, झालं ना मनासारखं, चल, अंग पूस. बायका बाजूला झाल्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, नवीन भाग हातात घेऊन उजेडात फिरवून बघतात तसं, आणि घसा खाकरला.

"मधी पाठीवर झालीस तिथं लई वेळ गेला," ते म्हणाले. "आन् डावा पाय उजव्यापेक्षा कमी मारतीस, म्हून वाकडी जातीस. बाकी जॉब पास हाय. परत जा. आता सरळ जा, मी हितं उभा हाय."

मी परत गेले. या खेपेला सरळ गेले.